डब्यात काय आहे? लपलेल्या आकड्यांच्या कोड्यांची गोष्ट

सावंगी (मेघे) इथून आम्ही बोलतो आहोत. मागच्या महिन्यात आम्ही एक कोडं घातलं होतं आणि त्यावर जो गोंधळ झाला, तो तुमच्यातल्या पुष्कळजणींनी ऐकला. काहीजणींनी फोनवर आमची कानउघाडणीही केली. ती चूक कशी झाली हे सांगायचं तर आहेच. पण तिच्या आधी ही कोडी आली कुठून, हे थोडं सांगू द्या.

भुलाबाई आठवा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपण घरोघर फिरायचो, गाणी म्हणायचो, टिपऱ्या वाजवायचो. आणि सगळं झाल्यावर त्या घरची मुलगी झाकलेला डबा घेऊन यायची. खाऊ ओळखा! कुणी विचारायचं, गोड की तिखट? कुणी डबा हलवून बघायची. एकीने “लाडू” म्हटलं आणि उत्तर “नाही” आलं, की लाडू सगळ्यांच्याच यादीतून जायचा. चुकणारी पोर हिरमुसायची, पण तिच्या चुकण्यानेच पुढचीचं काम सोपं व्हायचं. शेवटी जी ओळखायची तिचं कौतुक. आधी चुकलेल्या सातजणींचं कुणी करत नसे, हा अन्यायच म्हणायचा.

आज ज्या कोड्यांबद्दल बोलायचं आहे, ती या डब्यासारखीच आहेत. आत खाऊच्या जागी आकडा असतो, एवढाच फरक.

आपल्याकडे मनातला आकडा ओळखायचा खेळ फार जुना. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात एका मुलीला उद्देशून घातलेलं एक गणित आहे, ते आमच्या शब्दांत सांगतो. एक संख्या मनात धरली. तिला ३ ने गुणलं. जे आलं त्याचा पाऊण भाग त्यातच मिळवला. ७ ने भागलं. आलेल्यातून त्याचाच तिसरा हिस्सा वजा केला. उरलं त्याचा वर्ग केला. ५२ वजा केले. वर्गमूळ काढलं. ८ मिळवले. १० ने भागलं. उरले २. तर मुली, मूळ संख्या कोणती?

घाबरू नका. भास्कराचार्य याला व्यस्तविधी म्हणतात, म्हणजे उलट्या पावलांनी घरी परत येणं. जिथे भागलं तिथे गुणायचं, जिथे मिळवलं तिथे वजा करायचं. २ गुणिले १० म्हणजे २०. त्यातून ८ गेले, १२. त्याचा वर्ग १४४. त्यात ५२ मिळवले, १९६. त्याचं वर्गमूळ १४. तिसरा हिस्सा काढल्यावर १४ उरले, म्हणजे आधी २१ होते. ७ ने गुणलं, १४७. पाऊणपट मिळवून १४७ झाले, म्हणजे आधी ८४. ८४ ला ३ ने भागलं की २८. विणलेलं उसवत जावं, तसंच हे.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. ती गोष्ट आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. पण मुलीला हाक मारून विचारलेली गणितं मात्र ग्रंथातच आहेत. आम्हाला मोत्याच्या गोष्टीपेक्षा ती गणितं जास्त मोलाची वाटतात. दुर्दैवी मुलीचं सांत्वन म्हणून गणित शिकवलं असं म्हणण्यापेक्षा, मुलीला गणित येतं असं धरून चालणारा एक बाप किंवा गुरू आठशे-नऊशे वर्षांपूर्वी होता, हे बरं नाही का? चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, असं त्यात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात लोकांपुढे आणला.

पण लीलावतीतल्या कोड्यात एक गोष्ट नाही. तिथे विचारणारा सगळं सांगून मोकळा होतो. सोडवणारी एकटी. तिला कुणाचं तोंड बघावं लागत नाही, कुणी काय म्हणालं याकडे कान द्यावा लागत नाही. भुलाबाईच्या डब्याभोवती मात्र दहाजणी असतात, आणि एकीचं बोलणं दुसरीच्या कामाला येतं. तसं कोडं गणितात यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

१९५३ साली लिटलवूड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक पुस्तक काढलं. केंब्रिजला हार्डींच्या बरोबरीने रामानुजन यांची वही वाचणारे तेच हे. त्या पुस्तकात तीन बायकांची गोष्ट आहे. तिघी आगगाडीच्या डब्यात बसल्यात. तिघींची तोंडं मळलेली. तिघी एकमेकींकडे बघून हसतायत, आणि प्रत्येकीला वाटतंय आपलं तोंड स्वच्छ आहे. कोळशाच्या इंजिनाच्या काळात वर्धा स्टेशनवर उतरलेल्या आपल्या आज्यांना हे वेगळं समजवावं लागलं नसतं.

मग त्यांतल्या एकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. ती म्हणते, समजा माझं तोंड स्वच्छ आहे. मग ही दुसरी बाई काय बघते? माझं स्वच्छ तोंड, आणि हसणारी तिसरी. तिला लगेच कळायला हवं की तिसरी मला नाही, तिलाच हसते आहे. तिचं हसू थांबायला हवं. पण ती तर खुशाल हसते आहे. अगं बाई! म्हणजे माझंही तोंड काळं आहे!

आरसा नाही, कुणी सांगितलं नाही. दुसरीला कळलेलं नाही, एवढ्यावरून पहिलीला कळलं. या सगळ्या कोड्यांचा जीव इथे आहे. दुसऱ्याचं न कळणं ही पण एक माहिती असते.

पुढे १९५८ साली गॅमो आणि स्टर्न या दोघांनी हेच कोडं चाळीस बेइमान बायकांवर रचलं. प्रत्येक नवऱ्याला इतरांच्या बायकांचं माहीत, स्वतःच्या बायकोचं नाही. सुलतान दवंडी पिटवतो की गावात अशा बायका आहेत. सगळे दिवस मोजतात आणि चाळिसाव्या दिवशी त्या मारल्या जातात. गणित चोख आहे. पण आमच्या खोलीत हे वाचलं तेव्हा एक मिनिट कुणी बोललं नाही. आगगाडीत हसणाऱ्या तिघी पाच वर्षांत अशा मरायला लागल्या. १९८६ साली मोझेस, डोलेव्ह आणि हाल्पर्न या तिघा अभ्यासकांनी तो डाव उलटा मांडला. राज्य राणीचं, आणि बेइमान नवरे! त्यांना खरं बघायचं होतं ते एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या संगणकांचं गणित. शिकवताना आता बहुतेक जण चिखलाने कपाळ भरलेल्या पोरांचं कोडं सांगतात. कुणी मरत नाही, आई फक्त तोंड धुवायला पाठवते. आम्हाला तेच पसंत आहे.

आता आकड्यांचं मोठं कोडं. १९०५ साली दोन माणसं जन्मली. एक आपल्या डहाणूला, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पुढे ते देवळालीला शाळामास्तर झाले. दुसरे जर्मनीत जन्मले, हान्स फ्रॉयडेन्थाल, पुढे हॉलंडमध्ये प्राध्यापक झाले. कापरेकर गुरुजींचा आकडा ६१७४. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेऊन पाहा. ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. मग ८७३० मधून ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८, उरले ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. गुरुजींनी हे १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडलं. आपल्याकडे अनेकांनी ते पोरखेळ म्हणून सोडून दिलं. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिकातल्या सदरात त्यावर लिहिलं, तेव्हा जगाला आणि मग आपल्यालाही गुरुजी कळले.

फ्रॉयडेन्थाल ज्यू होते. १९४० साली जर्मन फौजांनी हॉलंड घेतल्यावर त्यांना विद्यापीठातून काढलं. युद्धानंतर ते उत्रेख्तला होते, आणि मुलांना गणित त्यांच्या रोजच्या जगण्यातून शिकवा, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. १९६९ साली त्यांनी एका डच गणित मासिकात एक कोडं छापलं.

दोन आकडे आहेत. दोन्ही १ पेक्षा मोठे, एकमेकांपेक्षा वेगळे, आणि त्यांची बेरीज १०० च्या आत किंवा फार तर १००. एकाला फक्त बेरीज सांगितली, दुसऱ्याला फक्त गुणाकार. गुणाकारवाला म्हणतो, “मला आकडे माहीत नाहीत.” बेरीजवाला म्हणतो, “तुला माहीत नाहीत, हे मला माहीतच होतं.” गुणाकारवाला म्हणतो, “मग आता मला कळले.” बेरीजवाला म्हणतो, “मग मलाही.”

संपलं. यात एकही आकडा कुणी उच्चारला नाही, आणि तरी उत्तर एकच निघतं, ४ आणि १३. बेरीज १७, गुणाकार ५२. एवढं लक्षात घ्या की १७ कसेही फोडा, २ आणि १५, ३ आणि १४, ४ आणि १३, शेवटच्या ८ आणि ९ पर्यंत, दोन्ही आकडे मूळसंख्या कधीच येत नाहीत. दोन्ही मूळसंख्या असत्या तर गुणाकारवाल्याला पहिल्याच फटक्यात कळलं असतं. म्हणून बेरीजवाला छातीठोक म्हणू शकतो, तुला माहीत नाही. आता ५२ वाल्याकडे दोनच शक्यता, ४ आणि १३ किंवा २ आणि २६. दुसरीची बेरीज २८, आणि २८ म्हणजे ५ आणि २३ पण होतात, दोन्ही मूळसंख्या. २८ वाला तसं छातीठोक बोललाच नसता. म्हणून ४ आणि १३. शेवटच्या “मग मलाही”चं गणित लांबलचक आहे. ज्यांच्या घरी दहावीतलं मूल आहे त्यांनी त्याला कामाला लावा.

गार्डनर यांनीच हे कोडं १९७९ साली जगभर नेलं. आणि इथे त्यांची फजिती झाली. वाचकांना सोपं जावं म्हणून त्यांनी आकड्यांची मर्यादा २० वर आणली. त्याने कोडं सोपं झालं नाही, मोडलं. वरच्या शक्यता काढून टाकल्या की खालचे तर्क बदलतात, आणि उत्तरच उरत नाही. त्यांनी त्याला नाव दिलं होतं ‘अशक्य कोडं’. ते खरंच अशक्य करून बसले!

एवढ्या मोठ्या माणसाची चूक सांगितली, आता आमची सांगतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणित स्पर्धेतलं वाढदिवसाचं कोडं जगभर फिरलं. ते आम्ही आपल्या वळणाचं केलं. नणंदबाईंचा वाढदिवस कधी, हे दोघी जावांनी ओळखायचं. त्यांनी दहा तारखा दिल्या. मे १५, १६, १९. जून १७, १८. जुलै १४, १६. ऑगस्ट १४, १५, १७. थोरलीच्या कानात फक्त महिना सांगितला, धाकटीच्या कानात फक्त तारीख. थोरली म्हणते, “मला वाढदिवस माहीत नाही, पण तुलाही माहीत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.” धाकटी म्हणते, “जाऊबाई, आधी माहीत नव्हता, पण तुम्ही बोललात आणि मला कळला.” थोरली म्हणते, “मग मलाही कळला गं.”

१८ आणि १९ या तारखा एकेकदाच आल्यात. महिना मे किंवा जून असता तर धाकटीला एकदम कळण्याची शक्यता होती, आणि थोरली “पक्कं” म्हणाली नसती. म्हणजे जुलै किंवा ऑगस्ट. धाकटीला आता कळलं, म्हणजे तारीख १४ नाही, कारण १४ दोन्हीकडे आहे. उरले १६ जुलै, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट. थोरलीलाही कळलं, म्हणजे तिचा महिना असा की एकच तारीख उरते. १६ जुलै.

आमच्या कागदावर असंच होतं. पण कार्यक्रमात वाचताना पान उलटलं आणि आमच्याकडून १९ मे राहून गेला. आम्हाला पत्ताच नाही. फोन यायला लागले, “१७ ऑगस्ट”, “१७ ऑगस्ट”. आम्ही एकेकीला गोड आवाजात सांगतोय, ताई, चुकलं, पुन्हा विचार करा. सातवा-आठवा फोन विनोबांच्या नावाच्या इथल्या दवाखान्यातून, पेशंटजवळ बसलेल्या एका बाईंचा. त्यांनी तारखा औषधाच्या पाकिटावर लिहून घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझं चुकलं असंल तर कुठं चुकलं ते सांगा. मी चारदा पाह्यलं.” आणि त्यांनी पाकीट वाचून दाखवलं. नऊच तारखा!

नंतर बसून पाहिलं. १९ मे नसेल तर मे महिना बाद होत नाही, फक्त जून होतो. मग मे १५, १६, जुलै १४, १६, ऑगस्ट १४, १५, १७ एवढं उरतं. त्यात एकटी राहिलेली तारीख एकच, १७. वाढदिवस १७ ऑगस्ट. बायांनी जे ऐकलं त्यावरून त्या शंभर टक्के बरोबर होत्या. १९ मे आमच्या कागदावर होता, हवेत गेलाच नव्हता. जे सगळ्यांच्या कानावर पडलं तेवढंच सगळ्यांचं. आठजणींना चुकीचं ठरवताना आमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही की सगळ्याजणी एकच उत्तर देतायत, तर आपलंच काही राहिलं असेल. त्या आगगाडीतल्या बाईंइतकंही आमचं डोकं चाललं नाही.

या “सगळ्यांचं” असण्यावर पुढे फार विचार झाला. फ्रॉयडेन्थाल यांचं कोडं छापलं गेलं त्याच १९६९ साली डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने, आणि १९७६ मध्ये रॉबर्ट ऑमन यांनी, ही गोष्ट काटेकोर मांडली. ऑमन यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एखादी गोष्ट प्रत्येकीला माहीत असणं वेगळं, आणि ती प्रत्येकीला माहीत आहे हे प्रत्येकीला माहीत असणं वेगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. मूठ रिकामी आहे हे शेजारच्या पाचही घरांना ठाऊक असू शकतं. तरी ती उघडेपर्यंत सव्वा लाखाचीच राहते.

आमच्यातल्या काहीजणी पूर्वी एका बचत गटात होत्या. नाव सांगत नाही. रजिस्टरमध्ये रक्कम जास्त आणि पेटीत १,८०० रुपये कमी, असं काही महिने चाललं. हे एकीला कळलं, मग दुसरीला, मग बहुतेक सगळ्यांना, पण प्रत्येकीने स्वतःपुरतं मोजून. बैठकीत कुणी तोंड उघडेना. हिशोब ठेवणाऱ्या बाई वयाने मोठ्या, सगळ्या त्यांना काकू म्हणायच्या. बोलायचं कसं? पाच महिने गेले. मग गटात नवीनच आलेली एक सून रजिस्टर हातात घेऊन म्हणाली, “काकू, मला समजलं नाही, हे जुळत कसं नाही?” तिला वाटत होतं, आपलंच गणित कच्चं आहे. तिच्या त्या “समजलं नाही” वर एकेक करून सगळ्या म्हणाल्या, मलाही. दहा मिनिटांत सापडलं. मागच्या पानाची बेरीज ५,७१० होती, पुढच्या पानावर ती ७,५१० अशी उतरली होती. दोन अंकांची अदलाबदल. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आकडे उलटसुलट झालेत का ते आधी बघावं, हे बँकेतली माणसं जाणतात. कापरेकर गुरुजींच्या वजाबाकीतही प्रत्येक पायरीला ९ ने भाग जाणारीच संख्या येते, कारण तिथेही अंक तेच, जागा फक्त बदललेल्या.

काकूंनी एक रुपया घेतला नव्हता. पण पाच महिने बाया त्यांच्यासमोर नोटा दोनदा मोजत होत्या, आणि ते त्यांच्या लक्षात आल्यावाचून कसं राहील? त्यांना काय वाटतंय ते त्या बोलल्या नाहीत, आपल्याला काय वाटतंय ते आम्ही बोललो नाही. पुढच्या महिन्यापासून त्या बैठकीला आल्या नाहीत. दोनदा बोलवायला गेलो. चहा दिला, विषय काढू दिला नाही.

आता या खेपेचं कोडं. या वेळी कागद तिघींनी तपासला आहे. दोघी मैत्रिणी, पहिली आणि दुसरी. प्रत्येकीच्या कानात एकेक आकडा सांगितला. आकडे १ पासून पुढचे कुठलेही, पण लागोपाठचे, म्हणजे ५ आणि ६, किंवा ९ आणि ८, असे. हे दोघींनाही माहीत आहे. पहिली म्हणते, “तुझा आकडा मला माहीत नाही.” दुसरी म्हणते, “मलाही तुझा माहीत नाही.” पहिली म्हणते, “मग आता मला कळला.” कोणाचा आकडा किती? उत्तरं दोन निघतात, दोन्ही हवीत. फोन नेहमीच्याच वेळी करा, आणि आम्ही चुकलं म्हटलं तरी लगेच ठेवू नका.